एकादशीच्या दुधातला वाटाणा

सोमनाथनं एका चमच्यानं अख्ख्या वृद्धाश्रमाची एकादशी मोडली.

चमचा तसा लहानच. पावडरीच्या डब्यात मिळतो तसला, निळा, प्लास्टिकचा. पण त्यानं त्या सकाळी जे काम केलं, ते भल्याभल्या नास्तिकांना जन्मभर जमलेलं नाही.

त्याचं असं झालं. बजाजनगरच्या पलीकडं, कंपन्यांचे भोंगे ऐकू येतील इतक्या अंतरावर जो वृद्धाश्रम आहे, त्याचा सोमनाथ हा व्यवस्थापक. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टर प्रेरणाताईंनी तिथल्या आजी-आजोबांना रोज सकाळी दुधातून प्रोटीनची पावडर द्यायला सांगितली. त्या सांगून गेल्या आणि मागं प्रश्न ठेवून गेल्या, की ही पावडर उपासाला चालते का? या प्रश्नावर आश्रमाच्या ओट्यावर जी चर्चा झाली, तेवढी सरकार पडतानाही होत नाही. शेवटी सोमनाथनं शेंद्र्याच्या गुरुजींना फोन लावला, डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला आणि निकाल स्पीकरवर सगळ्यांना ऐकवला. पावडर दुधाचीच आहे, तेव्हा दुधात दूध घातल्याला देवाची हरकत नसावी. झालं. आश्रम निर्धास्त झाला.

पुढं तो डबा संपला. क्रांती चौकातल्या दुकानातून नवा डबा आला. तोच आकार, तोच रंग, झाकणही तसंच. आषाढातल्या शेवटच्या एकादशीच्या सकाळी सोमनाथनं डोळे चोळत तो उघडला, दुधात चमचे घातले, वेलची टाकली, ढवळलं आणि पेले वाटले.

बद्रीनाथअण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले. छापील दिसेल ते वाचायचं, ही त्यांची जुनी खोड. बसचं तिकीट, बामची पेटी, लग्नपत्रिकेतला मामांचा सगळा गोतावळा, काही सुटत नाही. दूध पिऊन त्यांनी डबा जवळ ओढला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"सोमनाथ," ते म्हणाले, "ही हिरवी शेंग कशाची काढलीय रे?"

शेंग वाटाण्याची होती. पावडरही वाटाण्याची होती. दुधाची पावडर संपली म्हणून दुकानदारानं आपल्या मनानं तिची बहीण पाठवली होती.

मग जे झालं त्याला प्रलय म्हणायला हरकत नाही. कुणी चूळ भरायला धावलं. धावणं म्हणजे काय, वॉकर सरकवत निघालं, पण वेगात. कुणी देवाच्या फोटोलाच विचारलं, की नकळत प्यालेलं मोजतात का. एका आजोबांनी पिण्याआधी आपल्याला शंका आली होती, असं जाहीर केलं, तेव्हा मग प्यालात कशाला म्हणून बाकीच्यांनी त्यांना धारेवर धरलं. आणि या सगळ्यातून हळूहळू, एकेका चेहऱ्यावर, एक वेगळाच उजेड पडायला लागला. उपास मोडलाय. म्हणजे आता तो मोडलेलाच आहे. म्हणजे दुपारी भाकरी चालेल. भाकरी चालेल तर पिठलं चालेल, आणि पिठलं आलं की ठेच्याला कोण अडवणार? भिजवलेला साबुदाणा कोपऱ्यात एकटा फुगत बसला आणि त्या एकादशीला आश्रमात जशी पंगत रंगली तशी कुठल्या दिवाळीला रंगली नव्हती. कांदासुद्धा फोडला. बुक्कीनं.

एकट्या आवडाबाई त्यात नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसून होत्या. पेला त्यांनी तळापर्यंत रिकामा केला होता, वर घोटभर पाणी घालून, विसळून, तेही पिऊन टाकलं होतं. गलका झाल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "आता ह्या डब्याला मी हात लावायची नाय."

सोमनाथ पेले गोळा करायचा थांबला. कारण खरं सांगायचं तर तो डबा सगळ्यात आधी आवडाबाईंसाठीच आणला होता.

आवडाबाई मूळच्या शेंद्र्याच्या. नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम लागलं तेव्हा बजाजनगरात आल्या आणि दोन खोल्यांपैकी एकीत त्यांनी खानावळ काढली. पाटी नव्हती. 'मावशीकडं' एवढाच पत्ता, आणि तो जालन्या-परभणीपर्यंत ठाऊक होता. कंपनीत लागलेली, खोली करून राहणारी, आईच्या हाताची चव विसरायला निघालेली पोरं तिथं जेवायची. त्या घरात 'नको' म्हणायची सोय नव्हती. ताटावर हात आडवा धरला तर भाकरी हातावर पडायची, आणि ती गरम असायची, त्यामुळं हात आपोआप निघायचा. मावशींना पोरांची नावं लक्षात राहायची नाहीत. 'डाळ लागत नाय तो', 'दोनदा भात घेतो तो', 'लाजतो तो' अशी त्यांची हजेरी चालायची. लाजणाऱ्याला तर त्या उभ्या राहून जेवू घालायच्या.

मुलगा सत्यम पुण्याला. तो न्यायला आला होता, सूनही आली होती, दोघांनी खूप आग्रह केला. पण आवडाबाई स्वतः पिशवी भरून इथं आल्या. कुणी का म्हणून विचारलं तर सांगतात की सुनेचं अन् माझं लई चांगलं हाय, ते तसंच राहावं म्हणून आले. आश्रमाला त्या 'होस्टेल' म्हणतात. दाराशी खुर्ची टाकून दिवसभर स्वयंपाक्यावर नजर ठेवतात. त्याची फोडणी करपायच्या आधी त्यांचं नाक हलतं. तो बिचारा आता फोडणीकडं बघत नाही, त्यांच्या नाकाकडंच बघतो.

आणि उपास. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी, शिवाय एकादशी. श्रावणात तर उरलेल्या वारांनाही कुणी ना कुणी देव सापडायचा. जेवायचा वार आला की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

मागच्या खेपेला प्रेरणाताईंनी सगळ्यांची परीक्षा घेतली होती. परीक्षा साधी होती. खुर्चीत बसायचं, हाताची घडी छातीशी घ्यायची आणि कशालाही न धरता ओळीनं पाचदा उभं राहायचं. आवडाबाईंनी घडी घातली, पुढं झुकल्या, मागं आल्या, पुन्हा झुकल्या, आणि मग आपल्याला बसायचंच होतं असा चेहरा करून बसून राहिल्या. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. प्रेरणाताईंनी मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिले, ते ठीक होते. मग त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. उपासाला तुम्ही काय खाता? साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं. सगळा पिठूळ कारभार. दातांअभावी शेंगदाणेही जात नाहीत. वय झालं की अन्नातलं प्रोटीन शरीराला पूर्वीसारखं लागू पडत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते कमी नाही, जास्त लागतं. ते मिळालं नाही की मांडीचं मांस झडतं. आणि मांडी ही साखर ठेवायची कोठी. कोठीच आटली तर साखर जाणार कुठं? रक्तातच पडून राहणार. तेव्हा पावडर घ्या, खुर्चीतून उठबस करा. श्रावण संपताना मी पुन्हा बघीन. तेव्हाही उठता आलं नाही तर तुम्हाला मागच्या इमारतीत हलवावं लागेल. पडलात तर खुब्याचं हाड मोडेल.

मागची इमारत वाईट नव्हती. तिथं खाटांना कठडे होते, रात्रंदिवस माणूस होता, भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या. पण तिथवर फोडणीचा वास जात नव्हता. आणि तिथं कडूबाई नव्हती.

कडूबाई म्हणजे आवडाबाईंची खोलीसोबतीण. हिच्या घरात उपास बंद झाले ते सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी, आणि तेव्हापासून कडूबाई दोन्ही वेळ पोटभर जेवत आली होती. म्हणून तिच्या मांड्या अजून खुर्चीला भीत नव्हत्या. आवडाबाई भगर खायला बसल्या की समोर बसून ती वरणभात चवीनं खायची. तेवढं तिचं एक व्यसन होतं. दोघी दिवसभर भांडायच्या आणि झोपताना एकमेकींचं पांघरूण नीट करायच्या. या दोघींना वेगळं करायचं म्हणजे काय करायचं, हे सोमनाथला कळत होतं. म्हणूनच वाटाण्याच्या दिवशी तो दिवसभर भाकरी वाढत फिरला आणि स्वतः जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला, शपथा घेऊन आला, बद्रीनाथअण्णांना साक्षीला घेऊन आला. आवडाबाईंनी तोंड फिरवलं. पुढं अख्खा श्रावण दत्त म्हणून उभा. तेव्हा कडूबाईनं विड्याचं पान जुळवता जुळवता विषयाला हात घातला.

तिनं सोमनाथला एक गोष्ट सांगितली. आवडाबाई ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं करत होत्या. कडूबाईचा मुलगा सम्यक कंपनीत शिकाऊ म्हणून लागला तेव्हा मावशीकडंच जेवायचा. दुसऱ्या पाळीचा. यायचा तेव्हा पातेलं खरवडलेलं असायचं. मावशी आपलं झाकून ठेवलेलं ताट त्याच्यापुढं सरकवायची. तुमचं काय, असं त्यानं विचारलं की म्हणायची, माझा आज उपास हाय. पहिल्यांदा म्हणाली तो सोमवार होता, म्हणून महादेव ठरला. मग एका गुरुवारी भाकरी पुरली नाही, दत्त आले. एका शनिवारी मारुती. देव मागाहून आले. आधी संपली ती भाकरी.

"आवडे," कडूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला, "माझं पोरगं जेवलं. समदी पोरं जेवली. कवाच जेवून हात धुऊन गेली. आता तू जेव."

आवडाबाई नाक ओढून म्हणाल्या, की असा मधीच उपास सोडता येत नाही, उद्यापन करावं लागतं.

सोमनाथनं बाहेर जाऊन गुरुजींना फोन लावला. गुरुजी आता त्याचा नंबर ओळखायला लागले होते. ते म्हणाले, या वयात सगळ्या उपासांचं एकदाच करा, संकल्प सोडा, एका मेहुणाला जेवू घाला, देव समजून घेतो. मेहूण म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सोमनाथ उड्या मारतच आत आला. आवडाबाईंनी अट घातली, की वाढीन ती मीच, माझ्या हातानं, उभं राहून. बसून वाढलेलं त्यांना वाढणं वाटत नव्हतं.

आता गंमत बघा. उद्यापन केल्याशिवाय उपास सुटत नाहीत. उपास सुटल्याशिवाय पोटात धड काही जात नाही. पोटात गेल्याशिवाय पायात जोर येत नाही. आणि पायात जोर आल्याशिवाय उद्यापन होत नाही. सोमनाथ या चक्रात असा फिरला, की त्याला रात्री झोपेतही साबुदाणे गोल फिरताना दिसायला लागले.

चक्र मोडलं ते अण्णांनी आणि कडूबाईनं, दोन बाजूंनी. अण्णांनी रोज सकाळी डबा हातात घेऊन ओट्यावर उभं राहून त्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बातम्या दिल्यासारखा. दुधापासून तयार, थंड व कोरड्या जागी ठेवावे, लहान मुलांपासून दूर ठेवावे. शेवटच्या वाक्याला सगळे खोकत हसायचे. चार-पाच दिवसांनी आवडाबाई म्हणाल्या, ओरडू नका, आणा तो पेला. अण्णांच्या घशावर दया येऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुधाच्या डब्याची, उपासातसुद्धा. वर दह्याचा चक्का आणि कूट केलेले शेंगदाणे.

उठबशीचं काम कडूबाईनं घेतलं. आवडाबाईंना व्यायाम करा म्हटलं तर त्या सोमनाथलाच दहा उठाबशा काढायला सांगायच्या. पण कुणी काही मागितलं तर त्यांना बसून राहवत नाही, हे कडूबाईला ठाऊक होतं. एका सकाळी तिचा गुडघा अचानक धरला. इतका धरला, की तिला तांब्या उचलवेना. आवडे, पाणी दे. आवडे, पंखा लाव. आवडे, लई वारं येतंय, पंखा बंद कर. आवडे, चष्मा. हा नव्हं, दुसरा. आवडाबाई शिव्या देत उठायच्या, शिव्या देत बसायच्या. पहिल्यांदा खुर्चीच्या दांड्याला धरून, मग एका हातानं, मग शिव्या देताना हात कमरेवर ठेवायला लागायचे म्हणून दांड्याला न धरता. दुपारी आवडाबाईंचा डोळा लागला की कडूबाई टुणकन उठून अंगणात फेऱ्या मारून यायची आणि परत येऊन कण्हायला लागायची. सोमनाथनं एकदा तिला पाहिलं. तिनं तोंडावर बोट ठेवलं.

उरला प्रश्न मेहुणाचा. आश्रमात जोडपं एकच, बद्रीनाथअण्णा आणि चंपाबाई. आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. इथं येताच चंपाबाईंनी बायकांच्या खोलीत वेगळी खाट मागितली होती. जन्मभर यांचं घोरणं ऐकलं, आता मला झोपू द्या, असं त्यांचं म्हणणं. अण्णांना तो अपमान वाटला. तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार सोमनाथच्या तोंडानं चालायचा. 'त्यांना विचार, गोळी घेतली का.' 'त्यांना सांग, घेतली.' मधलं अंतर दोन हातांचं. शेजारी बसून जेवायचं म्हटल्यावर दोघांनीही, समोरचं माणूस तयार असेल तर, असा निरोप पाठवला. सोमनाथनं दोघांना समोरचं माणूस आनंदानं तयार असल्याचं कळवलं.

श्रावणातली शेवटची द्वादशी. त्याच दिवशी प्रेरणाताईंची फेरी होती, त्यांनाही पानावर बसवलं. खाली कुणालाच बसवत नाही, म्हणून मेहुणाला खुर्च्या, आणि मान म्हणून पायाखाली पाट. समोर आवडाबाईंची खुर्ची. चंपाबाईंना नाव घ्यायचा आग्रह झाला. त्यांनी पदर सावरला, अण्णांकडं न बघता म्हणाल्या,

"दुधात पडला वाटाणा, एकादशीला घोटाळा,
बद्रीनाथरावांना सांगते, आता तरी घोरणं टाळा."

हसण्याचा असा फुगा फुटला, की स्वयंपाक्याची पोळी तव्यावर फाटली. अण्णाही हसले, आणि हसताना चुकून बायकोकडं पाहिलं.

आवडाबाईंनी संकल्प सोडला. दोन्ही हातांत पुरणपोळ्यांचं ताट घेतलं. पोळ्या तळहाताएवढ्या, डॉक्टरांचा हुकूम. आणि त्या उठल्या. उठल्या म्हणजे नुसत्या उठल्या. खुर्चीला धरायला हात मोकळे नव्हते आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पानात पोळी घातली, आल्या, बसल्या. प्रेरणाताईंचा घास हातातच राहिला. त्या अण्णांकडं झुकून हळूच म्हणाल्या, "अण्णा, आणखी एक मागा."

अण्णांनी मागितली. आवडाबाई उठल्या, वाढली, बसल्या. आणखी एक, असं प्रेरणाताईंनी डोळ्यांनी सांगितलं. अण्णांनी मागितली. परीक्षेला जितक्यांदा उठायचं असतं तितक्या पोळ्या शास्त्रापायी खाणं भाग होतं, आणि एका वेळी दोन मागायची मुभा नव्हती. अण्णांचं तोंड पुरणाच्या रंगाचं झालं. शेवटच्या पोळीला ते नुसतेच पानाकडं बघत राहिले, तेव्हा चंपाबाई सरळ त्यांना म्हणाल्या, "अहो, अर्धी मला द्या." मध्ये सोमनाथ नव्हता. अण्णांनी अर्धी दिली, आणि मोठी अर्धी दिली.

प्रेरणाताईंनी हात धुतले आणि मागची इमारत नको म्हणून सांगून टाकलं. सकाळी तपासली तेव्हा साखरही खाली आली होती, अजून यायला हवी होती, पण पाय वळणावर आले होते. कडूबाई आनंदानं ताडकन उभी राहिली, आणि आपला गुडघा धरलेला आहे हे तिला त्यानंतर आठवलं. आवडाबाईंनी तिच्याकडं नखशिखांत पाहिलं. मग आणखी एक पोळी तिच्या पानात घातली, तिनं हात आडवा धरला होता तरी. हात आपोआप निघाला.

संध्याकाळी आवडाबाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. आत रात्रीच्या वरणाला फोडणी बसत होती. आता त्यांचा कुठलाच वार राहिला नव्हता. सोमनाथ दुधाचा पेला घेऊन आला आणि उंबऱ्यावर टेकला. त्याला बरेच दिवस एक विचारायचं होतं. जिला चुलीपासून एवढ्या लांब बसून मोहरी करपायच्या आधी कळते, तिला त्या दिवशी पहिल्याच घोटाला वाटाणा कळला नसेल?

"मावशी," तो म्हणाला, "त्या एकादशीला तुम्हाला चव कळली नव्हती का हो?"

आवडाबाईंनी पेला तोंडाला लावला, तळापर्यंत रिकामा केला आणि पदरानं ओठ पुसले.

"कळली व्हती की. भूक लागली व्हती."